रुग्णालयाची फरशी आणि ती पुसणारे हात
(भाषणाचा मजकूर)



बंगळूरच्या कोरमंगल भागातून निघून आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावाकडे जाणारा जो रस्ता सर्जापूर रोड या नावाने ओळखला जातो, त्याच्या दुतर्फा एका पिढीपूर्वी शेते व तळी होती. आज तेथे संगणक कंपन्यांची कार्यालये आणि उंचच उंच गृहसंकुले उभी आहेत. विप्रो कंपनीचे मुख्यालय याच रस्त्यावर दोड्डकन्नळ्ळी येथे आहे. त्या इमारती बांधणाऱ्या आणि झाडणाऱ्या माणसांच्या पत्र्याच्या वस्त्या आडबाजूला आहेत. कलबुर्गी, यादगीर, रायचूरपासून ओरिसा, बंगाल, आसामपर्यंतचे दारिद्र्य तेथे एकत्र आले आहे. रस्त्याच्या शहराकडील टोकाला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले, रुग्णालय १९७५ साली. हजारावर खाटांचे हे रुग्णालय बराच काळ या बाजूचे एकमेव मोठे रुग्णालय होते. पुढे वस्ती वाढली, पैसा आला, आणि त्यामागोमाग मोठमोठ्या साखळी कंपन्यांची रुग्णालयेही या रस्त्यावर आली.

यांतील कोणा एका रुग्णालयाचे उणेदुणे काढण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न अशा सर्वच रुग्णालयांत काम करणाऱ्या एका माणसाचा आहे, बहुधा एका स्त्रीचा आहे. डॉक्टरांची फेरी सुरू होण्यापूर्वी ती वॉर्डात आलेली असते. तिच्या गणवेशावर रुग्णालयाचे नव्हे, ठेकेदार कंपनीचे नाव असते. रुग्णाच्या नातेवाइकांच्या लेखी ती ‘हाउसकीपिंग’ असते. ती जे करते त्याला शास्त्र आहे, त्याला मोजमाप आहे, आणि ते चुकले तर माणूस मरतो, हे मात्र तिच्या वेतनपत्रकावरून कोणाच्याही लक्षात येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, तातडीचे उपचार देणाऱ्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच किमान एक नवा संसर्ग होतो. म्हणजे बरे होण्यासाठी आलेला माणूस तेथेच नवे दुखणे पदरात घेतो. असा संसर्ग झालेल्यांपैकी साधारण दहातील एक दगावतो.

ही गोष्ट जगाला ठाऊक होऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी प्रसूती करीत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण कितीतरी अधिक होते, आणि शहरातील गरीब बाया त्या विभागात घालू नका म्हणून हातापाया पडत. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतीला लागतात, हे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने हेरले आणि मे १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला. त्याचे फळ त्याला काय मिळाले? सद्गृहस्थांचे हात अस्वच्छ असू शकतात ही कल्पनाच वरिष्ठांना मानवली नाही. त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही, आणि १८६५ साली तो मनोरुग्णालयात मरण पावला. आज प्रत्येक रुग्णालयाच्या कोठारात जी ब्लीचिंग पावडर असते, ती त्याच्याच घमेल्यातील चुन्याची वंशज आहे.

क्रिमियाच्या युद्धातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयाची कथाही अशीच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा सर्वांना माहीत आहे. पण फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथे दाखल होणाऱ्या शंभरांतील चाळीसहून अधिक सैनिक मरत होते, आणि ते प्रमाण उतरले ते मार्चमध्ये स्वच्छता आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसल्यानंतर. ती उपसणाऱ्या मजुरांचे चित्र कोणी काढले नाही.

स्वच्छतेचे शास्त्र म्हणजे नेमके काय, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण ‘झाडलोट कोणालाही येते’ या एका समजुतीवर ठेकेदारीची सारी इमारत उभी आहे.

रुग्णाच्या वॉर्डात केरसुणी चालत नाही. कोरडी झाडू फिरली की धूळ उडते, धुळीबरोबर जंतू उडतात आणि तासाभराने ते उशीवर, जखमेवर, पाण्याच्या भांड्यावर बसतात. म्हणून ओले पुसणे. तेही एका बादलीत फडके बुडवून साऱ्या वॉर्डाला फिरवणे नव्हे, कारण तिसऱ्या खाटेपाशी पोहोचेपर्यंत ते पाणी म्हणजे जंतूंचा काढा झालेला असतो. तीन बादल्या लागतात: एक साबणाच्या पाण्याची, एक फडके खळबळण्यासाठी साध्या पाण्याची, एक जंतुनाशकाची. क्रम ठरलेला असतो. कमी मळलेल्या जागेकडून जास्त मळलेल्या जागेकडे, वरून खाली, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे, संडास शेवटी. अतिदक्षता विभागाचा मॉप संडासात जाता कामा नये आणि संडासाचा मॉप तेथून बाहेर येता कामा नये, म्हणून त्यांना रंग ठरवून दिलेले असतात. काम संपल्यावर मॉप गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा लागतो. ओला मॉप रात्रभर कोपऱ्यात उभा राहिला तर सकाळी तो जंतू काढण्याऐवजी पेरीत जातो.

आधी मळ, मग जंतुनाशक, हा क्रमही मोडता येत नाही. रक्त, पू, विष्ठा, साधी माती यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ते तेथेच खर्ची पडते. जंतूपर्यंत पोहोचायला उरतच नाही. मळलेल्या फरशीवर कितीही औषध ओतले तरी वास तेवढा येतो. वासाचीही आपल्याकडे मोठी गंमत आहे. फिनेलचा भपकारा आला की रुग्णालय स्वच्छ, असे रुग्णालाही वाटते आणि तपासणीस येणाऱ्या साहेबालाही. नाकाला स्वच्छता कळत नाही, आणि डोळ्यालाही फारशी कळत नाही. फरशी चकाकते आहे ना, एवढे मुकादम पाहतो. जंतू मात्र मुख्यतः हातांवरून प्रवास करतात: खाटेचा कठडा, सलाईनचा स्टँड, दाराची मूठ, दिव्याचे बटण, नळाची चावी, घंटेची कळ. काही जंतू कोरड्या पृष्ठभागावर आठवडे नव्हे, महिने जिवंत राहतात. म्हणून आता काही ठिकाणी अशा जागांवर डोळ्यांना न दिसणारे जेल लावून ठेवतात आणि सफाईनंतर अतिनील दिवा धरून पाहतात. जेल चमकले तर तेथे फडके पोहोचलेच नाही. ही पद्धत कामगाराला पकडण्यासाठी वापरता येते, तशीच त्याला शिकवण्यासाठीही. फरक व्यवस्थापनाच्या दृष्टीचा आहे.

मग येते मोजमाप. बाजारात मिळणारे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ५ टक्क्यांचे असेल तर त्याचा एक भाग व पाण्याचे चार भाग मिळून १ टक्क्याचे द्रावण होते. ब्लीचिंग पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल तर लिटरला सुमारे ३३ ग्रॅम लागते. कमी पडले तर जंतू मरत नाहीत. जास्त झाले तर कामगाराचे डोळे व छाती जळते आणि खाटेच्या लोखंडाला गंज चढतो. हे पाणी रोजच्या रोज ताजे करावे लागते व झाकून, उजेडापासून दूर ठेवावे लागते, कारण त्यातील क्लोरीन आपोआप कमी होत जाते. संडास साफ करण्याच्या ॲसिडशी त्याची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो, तोच वायू जो १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर माणसे मारण्यासाठी सोडण्यात आला होता. कोंदट मोरीत एकटी काम करणारी स्त्री दोन बाटल्या एकत्र ओतते, ती तिला कोणी सांगितले नाही म्हणून. बाटलीवरील सूचना इंग्रजीत असतात. सर्जापूर रोडवरच्या कामगाराची भाषा कन्नड असते, तेलुगू असते, बंगाली असते, आणि अनेकींना कोणतीच लिपी येत नाही. बादलीवर रंगाच्या दोन रेषा मारून, येथपर्यंत औषध व येथपर्यंत पाणी, असे दाखवायला किती खर्च येईल?

रक्त सांडले तर हातमोजे घालून त्यावर शोषणारे कापड टाकायचे, त्यावर १ टक्क्याचे द्रावण ओतायचे आणि किमान १० मिनिटे थांबायचे. मग ते उचलून पिवळ्या पिशवीत, आणि नंतर जागा धुणे. ही दहा मिनिटे या साऱ्या विषयाचा गाभा आहेत. जंतुनाशकाला काम करायला वेळ लागतो, आणि तो वेळ रसायनशास्त्राने ठरवलेला आहे, मालकाने नव्हे. पण एका पाळीत किती खाटा, किती संडास, किती खोल्या, हे निविदेत ठरते. आणि सर्वात कमी दराची निविदा स्वीकारायची म्हणजे सर्वात कमी माणसांत काम उरकायचे. रुग्ण घरी गेला की त्याची खोली पूर्णपणे धुवावी लागते: गादी, पडदे, कठडे, सारे काही. परंतु रिकामी खाट म्हणजे बुडालेले भाडे. खालच्या मजल्यावर पुढचा रुग्ण कागदपत्रे भरून बसलेला असतो आणि वरून दूरध्वनी येतो, खोली तयार झाली का? अशा वेळी ओतल्याबरोबर पुसून टाकण्यावाचून त्या बाईपुढे दुसरा मार्ग कोणता? तिला दंड नियम मोडल्याचा होत नाही; उशीर केल्याचा होतो.

शस्त्रक्रियागृहात फॉर्मॅलिनची धुरी देण्याची प्रथा जुनी. फॉर्मॅल्डिहाइड मानवात कर्करोग घडवते, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. धुरीने फारसा लाभ होत नाही, पृष्ठभाग नीट धुणे हेच खरे, असे आता मानले जाते. तरीही जेथे ही प्रथा चालू आहे, तेथे खोली बंद करणारा आणि सकाळी उघडणारा डॉक्टर नसतो.

येथून प्रश्न कामगाराच्या शरीराकडे वळतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आपल्या देशात प्रथम १९९८ साली आले आणि २८ मार्च २०१६ रोजी नव्याने झाले. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. हे सर्वांना पाठ असते. पाठ नसते ते याच नियमांतील दुसरे कलम: हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणाच्याही हजेरीपटावर असो, प्रशिक्षण द्यायचे, हेपेटायटिस बी व धनुर्वाताची लस टोचायची, कामावर घेताना व नंतर दर वर्षी तपासणी करायची, आणि हे सारे करण्याची जबाबदारी रुग्णालयाची. चुकून काळ्या पिशवीत गेलेली सुई डॉक्टरला टोचत नाही. ती पिशवी उचलणाऱ्याच्या मांडीत घुसते. लस न घेतलेल्या माणसाला अशा टोचण्यातून हेपेटायटिस बी होण्याचा संभव ३० टक्क्यांपर्यंत जातो, एचआयव्हीचा ०.३ टक्के. ही लस तीन वेळा घ्यावी लागते: पहिली कामावर आल्यावर, दुसरी महिन्याने, तिसरी सहाव्या महिन्यात. ज्या ठेक्यात माणसे चार-पाच महिन्यांनी बदलतात, तेथे तिसरी टोच कोणाला मिळणार? आधीचा कामगार दोन टोचा घेऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला, नवा आला, त्याची पहिलीपासून सुरुवात. कागदोपत्री लसीकरण चालूच राहते.

कष्टकऱ्याच्या शरीराकडे घाण म्हणून पाहण्याची सवय या व्यवस्थेला जुनी आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग निर्मूलनाच्या नावाखाली सोजिरांनी घराघरांत शिरून जे केले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. एकाच साथीत स्वच्छतेची ही दोन रूपे दिसली. पुढच्या वर्षी साथ बंगळुरात पोहोचली. मध्ये सव्वाशे वर्षे लोटली, आणि मार्च २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीत, पायी व बसने गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारण्यात आले. फरशीवर ओतायचे औषध माणसांवर ओतले. माणसांवर असे फवारे मारू नयेत, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला एप्रिलमध्ये लेखी सांगावे लागले.

सर्जापूर रोडच्या वस्त्यांत ज्या बाजूची माणसे आहेत, त्या उत्तर कर्नाटकातील बिदर जिल्ह्याची सीमा ओलांडली की नांदेड लागते. तेथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. औषधांचा तुटवडा, रिक्त पदे, क्षमतेबाहेर भरलेले वॉर्ड यांची चर्चा देशभर झाली. त्या मृत्यूंचे कारण अस्वच्छता होते, असे येथे सुचवायचे नाही. पाहण्यासारखे आहे ते दोन दिवसांनी घडलेले. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार तेथे आले, त्यांना संडास घाण दिसले, आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन कॅमेऱ्यासमोर संडास साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजातील होते. त्यांच्या तक्रारीवरून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला.

त्या वेळी बहुतेकांना डॉक्टरचा अपमान दिसला, आणि तो होताच. पण झाडू हाती देणे ही शिक्षा का ठरते? ज्या समाजात शतकानुशतके ठरावीक जातींना जन्माने ते काम लावले गेले, तेथेच झाडू अपमानाचे हत्यार होऊ शकते. खासदारांनी जे विचारायला हवे होते ते विचारले नाही: सफाई कामगारांची मंजूर पदे किती, भरलेली किती, संडासाला पाणी किती तास येते, जंतुनाशक शेवटचे केव्हा आले, रात्रपाळीला किती माणसे असतात. गाडगेबाबांनी स्वतःच्या हाती झाडू घेतला होता. दुसऱ्याच्या हाती तो कोंबला नव्हता, एवढे तरी त्यांचे नाव घेणाऱ्या राज्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

ठेकेदारीने स्वच्छता स्वस्त होते काय? ब्रिटनमध्ये थॅचर सरकारने १९८३ पासून रुग्णालयांच्या सफाईच्या निविदा काढायला लावल्या. पुढे २०१० ते २०१४ या काळातील इंग्लंडमधील १२६ रुग्णालय संस्थांच्या आकडेवारीचा अभ्यास झाला, तेव्हा बाहेरच्या कंपन्यांना सफाई दिलेल्या ठिकाणी एमआरएसए या चिवट जंतूच्या संसर्गाचे प्रमाण अधिक आढळले. स्कॉटलंडने २००८ सालीच रुग्णालयांच्या सफाईचे नवे खाजगी ठेके बंद केले होते. वाचलेल्या पगाराचा हिशेब वॉर्डातल्या ज्वराच्या रूपाने चुकता होतो. फक्त तो वेगळ्या वहीत लिहिला जातो आणि रुग्णाच्या नावावर पडतो.

आपल्याकडील कायद्याचा प्रवास उलट्या दिशेने झाला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारती झाडण्या-पुसण्याच्या कामात ठेकेदारीला मनाई केली होती. ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो १९७० चा कायदाही उरला नाही. त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली. पूर्वी २० कंत्राटी कामगार असले की कायदा लागू होई. आता ५० लागतात. या संहितेत आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात ठेकेदारीला बंदी आहे. परंतु गाभ्याचे काम म्हणजे काय हे सांगताना झाडणे, पुसणे, सफाई, कचरा गोळा करणे ही कामे त्यातून वगळली आहेत, आस्थापना त्यासाठीच स्थापन झालेली नसेल तर. बिस्किटांच्या कारखान्याला हे एकवेळ लागू पडेल. पण ज्या इमारतीत कठडा न पुसल्याने माणूस मरू शकतो, त्या इमारतीत कठडा पुसणे हे गाभ्याबाहेरचे काम कसे?

लढून मिळत नाही असे नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या २,७०० कामगारांना महानगरपालिकेचे कायम कामगार ठरवणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. बंगळूरच्या पौरकार्मिकांनी जुलै २०२२ मध्ये संप केला, आणि १ मे २०२५ रोजी त्यांच्यापैकी बारा हजारांहून अधिक जणांच्या हाती कायम नेमणुकीची पत्रे पडली. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. म्हणजे सर्जापूर रोड झाडणाऱ्या बाईला कायम होता येते. त्याच रस्त्यावरील एखाद्या अतिदक्षता विभागाची फरशी पुसणाऱ्या बाईला ते अजून दूर आहे.

संहितेच्या ५७ व्या कलमात एक वाट आहे. एखादे काम गाभ्याचे आहे की नाही असा वाद उत्पन्न झाला तर बाधित पक्षाला सरकारकडे अर्ज करता येतो, आणि सरकारने त्यावर निर्णय द्यायचा असतो. खाजगी रुग्णालयांच्या बाबतीत ते सरकार म्हणजे राज्य सरकार. अशा अर्जाला घोषणा पुरत नाहीत, पुरावा लागतो: संसर्ग नियंत्रण समितीची इतिवृत्ते, ज्यांत सफाईचा उल्लेख उपचाराचा भाग म्हणून येतो, प्रशिक्षणाच्या नोंदी, ज्यांत रुग्णालयाची परिचारिकाच ठेकेदाराच्या कामगाराला द्रावण बनवायला शिकवते, पाळीचे तक्ते, ज्यांवर वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेची सही असते, आणि लसीकरणाची कार्डे, ज्यांत तिसऱ्या टोचेचा रकाना एक तर भरलेला असतो किंवा कोरा. हे कागद गोळा करण्याचे काम प्रत्येक शहरातील कामगार संघटना पुढच्या पाळीपासून सुरू करू शकते.